‘गुलदार’भोवतीची मासेमारी बंद करा

समुद्राच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले दगड, काँक्रीटचे ठोकळे किंवा बुडवलेले जहाज यांना कृत्रिम भित्तिका म्हणतात. नौदलातून निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉक्सजवळ अशी भित्तिका व्हावी, म्हणून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आले आहे. पाण्याखालचे संग्रहालय, स्कुबा डायव्हिंग आणि पर्यटकांना पाणबुडीतून सागरतळाचे दर्शन असा हा प्रकल्प आहे. तो व्हायलाच हवा. पण जहाजाभोवती ठरावीक अंतरापर्यंत मासेमारी कायमची बंद केली नाही, तर तिथे माशांचे घर न होता सापळा तयार होईल. योजनेची चर्चा पर्यटनाभोवतीच फिरत असताना ही गोष्ट मागे पडता कामा नये.

‘गुलदार’ पोलंडमधील ग्दिनिया येथे बांधले गेले, ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात आले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला ‘चीता’ व ‘कुंभीर’ या जहाजांबरोबर निवृत्त झाले. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम. लांबी सुमारे ८४ मीटर, म्हणजे सात एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. रणगाड्यांसाठी आतून मोकळे ठेवलेले असे जहाज भित्तिकेसाठी उत्तम. पोकळ्या, दारे, जिने, आडोसे भरपूर, आणि मासा शोधतो तो आडोसाच.

कोकणच्या समुद्रतळाचा मोठा भाग गाळाचा आणि रेतीचा आहे. चिकटून जगणाऱ्या जीवांना तिथे पाय रोवायला जागा नसते. लोखंडाचा पत्रा पाण्यात गेला की थोड्याच दिवसांत त्यावर जिवाणूंचा आणि शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. पाण्यातून वाहत आलेल्या अळ्या त्या थरावर उतरतात. हाताला खरखरीत लागणारे बार्नेकल आणि शिंपले आधी येतात, मग स्पंज आणि मऊ प्रवाळ. बार्नेकलच्या रिकाम्या कवचात बोटाएवढा मासा राहू लागतो, त्याच्या मागावर तांबोशी येते, आणि जहाजाच्या अंधाऱ्या दारात गोबरा ठाण मांडतो. काही महिन्यांत पत्र्याचा रंग दिसेनासा होतो. प्रवाळाची दाट वाढ व्हायला मात्र वर्षांमागून वर्षे जावी लागतात.

इथेच खरा वाद आहे. भित्तिकेवर मासे दिसतात म्हणजे ते वाढले, की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा झाले? जेम्स बोनसॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला. तेव्हापासून तज्ज्ञांमध्ये त्यावर खल चालू आहे, आणि जागेनुसार, माशाच्या जातीनुसार उत्तर बदलते. मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न समजायला समुद्र पाहावा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मांजरा नदीचे पात्र आटते आणि उरलेसुरले मासे डोहात जमतात. त्या दिवसांत डोहात जाळे टाकणाऱ्याच्या पाटीत मासे भरभरून येतात. नदीतले मासे काही वाढलेले नसतात, ते फक्त एका जागी सापडलेले असतात. असा डोह उपसून काढला, तर पाऊस पडल्यावर नदीत सोडायला बीजच उरत नाही. जाणते भोई म्हणून डोह राखतात.

बुडवलेले जहाज हा समुद्रातला डोह आहे. विखुरलेले मासे तिथे एकत्र येणार, आणि जागा तर साऱ्यांना ठाऊक असणार. तिथे मासेमारी चालू राहिली तर गळाने मोठा गोबरा सहज काढता येईल. गोबऱ्याच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात, त्यामुळे मोठे मासे काढत गेले की प्रजननच कोलमडते. जहाजाच्या कडांना अडकून तुटलेली जाळी तर वर्षानुवर्षे माशांना आणि कासवांना मारत राहतात. त्याच जाळ्यात डायव्हिंग करणारा अडकला तर त्याच्याही जिवावर बेतते. म्हणजे मासेमारीबंदी माशांच्या भल्याची तशीच पर्यटकांच्याही.

हे कठीण मुळीच नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार राज्य सरकारला ठरावीक क्षेत्रात मासेमारीवर निर्बंध घालता येतात. जहाजाभोवती अर्धा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखले तर पाऊण चौरस किलोमीटरहून थोडे जास्त पाणी राखीव होते. राज्याच्या सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यापुढे ते नगण्य आहे. मासे वाढले की वर्तुळाबाहेर पडतील आणि तिथल्याच जाळ्यांत येतील.

तरीही त्या पाऊण चौरस किलोमीटरवर कुणाचे तरी पोट असू शकते, हे विसरून चालणार नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, कारण आपली रोजीरोटी जाईल ही भीती कुणी दूर केली नाही. तीच चूक निवतीला होऊ नये. तिथल्या मच्छीमारांबरोबर बसून वर्तुळ आखावे, राखणीचे काम त्यांच्याच होड्यांना पगारावर द्यावे आणि तिकिटाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा त्यांच्या संस्थांना मिळावा. राखणारा गावचा असला की चोरटे जाळे रात्रीही पडत नाही. एलईडी दिव्यांची मासेमारी आणि पर्ससीन जाळी यांच्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमार स्वतःच लढत आले आहेत, त्यामुळे राखणीचे मोल त्यांना शिकवावे लागणार नाही.

बुडवण्याआधीची स्वच्छता हा दुसरा मुद्दा. जुन्या युद्धनौकेत इंधनाचे अवशेष, शिशाचे रंग, ॲस्बेस्टॉस, आणि विजेच्या तारांच्या आवरणात पीसीबी ही रसायने असू शकतात. पीसीबी पाण्यात विरघळून निघून जात नाहीत, माशाच्या चरबीत साठतात आणि ताटात येतात. अमेरिकेने २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ ‘ओरिस्कानी’ ही विमानवाहू नौका भित्तिकेसाठी बुडवली, त्यानंतर तिथले मासे पकडून त्यांतील पीसीबी मोजण्यात आले. निवतीलाही हेच व्हावे. बुडवण्याआधीची माशांची गणना, स्वच्छतेचा अहवाल आणि नंतर दरवर्षीचे मोजमाप मराठीत लोकांपुढे ठेवावे. आधीची गणना नसेल तर दहा वर्षांनी मासे वाढले की कमी झाले, हे कुणालाच सांगता येणार नाही.

फ्लोरिडाचेच आणखी एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७२ मध्ये तिथे फोर्ट लॉडरडेलच्या समुद्रात सुमारे २० लाख जुने टायर भित्तिका म्हणून टाकले. बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या, टायर लाटांबरोबर फिरू लागले आणि शेजारच्या जिवंत प्रवाळावर आदळून त्याची नासधूस केली. २००२ मध्ये की लार्गोजवळ ‘स्पीगेल ग्रोव्ह’ हे जहाज बुडवताना ते वेळेआधीच गेले आणि कुशीवर पडले. तेही सैन्य उतरवणाऱ्या जातीचेच जहाज. २००५ च्या चक्रीवादळाने ते उभे केले! हजारो टन लोखंड वादळ हलवू शकते, तर कोकणातल्या पावसाळी लाटांचा हिशेब ‘गुलदार’च्या बाबतीत आधी व्हायलाच हवा. निवतीचे खडक आणि त्यांवरचे जीवन जवळच आहे.

पर्यटकांसाठीही शिस्त लागेल. होड्यांनी नांगर जहाजावर टाकू नये, त्यासाठी कायमचे बोये हवेत. तांबड्या समुद्रातल्या प्रसिद्ध ‘थिसलगॉर्म’ या बुडालेल्या जहाजाला होड्या थेट दोर बांधत असल्याने त्याचे पत्रे उखडले गेले. दिवसाला किती जण उतरतील, याची मर्यादाही हवी.

देवणी तालुक्यातून निवतीचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही लातूर-नांदेडकडची कुटुंबे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तारकर्ली-मालवणला जातात. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मुलगा तिथे पहिल्यांदा तोंडाला मास्क लावून समुद्रात डोके घालतो आणि रंगीत मासा पाहून पाण्यातच ओरडतो. केंद्र सरकारने या प्रकल्पासाठी दिलेले सुमारे ४६.९१ कोटी रुपये साऱ्या करदात्यांचे आहेत, आणि त्यांत देवणीच्या बाजारात साबण विकत घेणारेही आले. त्या मुलाला दहा वर्षांनी निवतीच्या पाण्यात पत्र्यावर उगवलेले प्रवाळ आणि दारात बसलेला गोबरा दिसायचा असेल, तर मासेमारीबंदीची अधिसूचना जहाज तळाशी जाण्याआधी निघाली पाहिजे.

— एक वाचक, देवणी (जि. लातूर)