फोटो तिचा, गुन्हा कोणाचा?

1 जानेवारी 2022 या दिवशी देशातील 100 हून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर लिलावासाठी मांडण्यात आले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. 2016 साली जेएनयूमधून बेपत्ता झालेल्या नजीब अहमदची आई फातिमा नफीस यांचाही फोटो होता. मुलाच्या शोधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आईची बोली लावली गेली! त्याआधी जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' या नावाने 80 हून अधिक स्त्रियांच्या वाट्याला हेच आले होते. खरी विक्री कोणाची झाली नाही, होणारही नव्हती. बाजार मांडून अपमान करणे एवढाच तो व्यापार होता.

पहिल्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने पाच दिवसांच्या आत तिघांना पकडले. त्यात बंगळुरूचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडची जेमतेम अठराची एक मुलगीही होती. मग दिल्ली पोलीसही आसामात जोरहाटला पोहोचले, आणि 'सुल्ली डील्स'चा आरोपीसुद्धा इंदूरला सापडला. सहा महिने न सापडणारा माणूस आठवडाभरात कसा सापडतो? कायदा तोच होता, पोलीस तेच होते. या वेळी मात्र दिल्लीत पत्रकार इस्मत आरा यांनी तक्रार दिली, मुंबईत दुसऱ्या एका स्त्रीने दिली, इतर शहरांतूनही बायका पुढे आल्या. खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी विषय लावून धरला. ओरड एकाच वेळी चहूकडून झाली, म्हणून यंत्रणा हलली. (मार्च 2022 मध्ये दिल्लीतील दोन्ही मुख्य आरोपींना जामीन मिळाला, हेही सांगितले पाहिजे.)

त्या काळात आपल्या समाजात संताप उसळला. 'आमच्या आया-बहिणींच्या इज्जतीवर हल्ला' असे शब्द वापरले गेले. मला तेव्हाही 'इज्जत' या शब्दाची भीती वाटली होती, कारण इज्जतीचा मालक कोण हे आपल्याकडे आधीच ठरलेले असते. पुढच्याच वर्षी त्याचा पुरावा मिळाला. 2023 मध्ये 'भगवा लव्ह ट्रॅप' नावाची हूल उठली. हिंदू मुलाबरोबर चालणाऱ्या, एकाच गाडीवर बसलेल्या, हॉटेलात चहा घेणाऱ्या मुस्लिम मुलींना अनेक शहरांत आपलीच पोरे अडवू लागली. नाव विचारायचे, बापाचा नंबर मागायचा, नकाब खेचायचा, आणि हे सगळे मोबाईलवर चित्रित करून गावोगाव पाठवायचे. मुलगी रडते आहे, हात जोडते आहे, आणि चित्रण करणारा तिला शरमेच्या गोष्टी सांगतो आहे! 'बुल्ली बाई'वाल्यांनी चोरलेले फोटो टाकले. या भावांनी जिवंत मुलीला रस्त्यात धरून तिचा फोटो काढला. मला या दोघांत जातीचा फरक दिसत नाही. दोघांनाही बाईचा चेहरा आपल्या ताब्यात हवा आहे.

मोठ्या शहरांच्या या गोष्टी हिवरखेडला कशाला, असे कोणी म्हणेल. सातपुड्याच्या पायथ्याचे हे आमचे गाव आहे. पण मोबाईल घरोघर आहे, आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप तर गल्लीगणिक आहे. इथे ॲप बनवण्याची गरजच पडत नाही. लग्नात कोणीतरी मुलींचा फोटो काढतो, त्यातली एक कापून घेतो, खाली दोन ओळी लिहितो आणि सोडून देतो. किंवा मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटे खाते उघडतो. तासाभरात ते मामाच्या गावी पोहोचलेले असते. पुढचा क्रम मी उर्दू शाळेत शिकवताना पुरेसा पाहिला आहे. आधी मुलीचा मोबाईल काढून घेतात. मग शाळा बंद होते. मग घाईने कुठेतरी निकाह ठरतो, आणि आधीची सगाई असेल तर ती मोडते. दहावीच्या वर्गातला एक बाक रिकामा होतो. हजेरीत तिच्या नावापुढे 'गैरहाजर' लिहायचे, कारणाचा रकाना कोरा. ज्याने फोटो सोडला तो मात्र चौकात पानटपरीवर उभा असतो. त्याची शाळा कोणी बंद करत नाही.

मुलीला घरी बसवणे हीच जर शिक्षा असेल, तर गुन्हा तिने केला असा निकाल आपण दिला आहे. आणि पुढच्या पोराला आपण शिकवले आहे की, एखाद्या मुलीने नकार दिला तर तिचे शिक्षण संपवायला एक फोटो पुरतो.

दीनदार म्हणवणाऱ्यांना मला इथे काही विचारायचे आहे. सूरह नूर आपण पडद्याच्या चर्चेसाठी उघडतो. तिच्यात नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, बायकांना त्यानंतर. पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, न आणल्यास 80 फटके आणि पुढे त्याची साक्ष कायमची नामंजूर, हेही त्याच सूरहमध्ये आहे. हजरत आयेशांवर आळ आला तेव्हा मदिन्यात काय झाले? एकाने उठवले आणि बाकीच्यांनी तोंडातोंडी पुढे नेले. कुरआनने उठवणाऱ्याला धरलेच, पण पुढे नेणाऱ्यांनाही सोडले नाही. ही क्षुल्लक गोष्ट आहे असे तुम्हाला वाटले, म्हणून फटकारले. 'मी काही केले नाही, आलेले फक्त फॉरवर्ड केले' असे सांगणाऱ्या आजच्या नमाजी माणसाने ही जागा एकदा अर्थासह वाचावी. वाझ आणि जुम्याच्या खुतब्यात मुलींच्या मोबाईलवर मी पुष्कळ ऐकले आहे. फॉरवर्ड करणाऱ्या अंगठ्यावर अजून ऐकलेले नाही.

आता पोलिसांकडे वळू. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असे फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या मुलीला आणि ते 'लाईक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. एक मुस्लिम, एक हिंदू, दोघी विशीच्या आसपासच्या. त्या प्रकरणातून जी लढाई उभी राहिली तिचा शेवट 24 मार्च 2015 रोजी झाला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द केले. म्हणजे मुलीने चार शब्द लिहिले तर पोलीस त्याच दिवशी दारात येऊ शकतात. तीच मुलगी तक्रार घेऊन गेली की तिला सांगतात, सायबरचे काम अकोल्याला होते, तिकडे जा.

यात अर्धे खरे आहे. आयटी कायद्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, आणि लहान ठाण्याचा प्रमुख पुष्कळदा एपीआय असतो. पण तपास कोण करणार हा त्यांचा प्रश्न आहे. तक्रार नोंदवायला नकार देता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात, गुन्हा कोठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. चोरून चित्रण, पाठलाग, स्त्रीच्या लज्जेचा अपमान ही भारतीय न्याय संहितेची 77, 78 व 79 ही कलमे आहेत. मुलगी 18 च्या आत असेल आणि प्रकार अश्लील असेल तर पोक्सो आहे. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे नग्न किंवा बनावट, जोडकाम केलेला फोटो असेल तर तक्रार मिळाल्यापासून 2 तासांत तो हटवण्याची पावले कंपनीला उचलावी लागतात. हे माहीत नसते म्हणून लोक पोराच्या बापाकडे जाऊन पाया पडतात, किंवा पंचायत बसवतात आणि पंचायत दोघांचाच निकाह लावून मोकळी होते! छळणाऱ्यालाच नवरा म्हणून द्यायचे, याला आपण तडजोड म्हणतो.

आणखी एक अडचण आमची खास आहे. अर्ज मराठीत द्यावा लागतो. उर्दूतून सातवी शिकलेल्या आईला तो लिहिता येत नाही. ती कोणा पुरुषाकडे जाते, तो मजकूर वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला सगळे कळते. म्हणून बऱ्याच आया जातच नाहीत. आपण मराठी मुसलमान म्हणून संमेलने भरवतो, विशेषांक काढतो, ते योग्यच आहे. पण मराठी आपल्या घराघरात न्याय मागण्याची भाषा म्हणून पोहोचली का, हाही साहित्याचाच प्रश्न मानायला हवा.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. त्या सातच होत्या, पण एकत्र होत्या, म्हणून आज साठ वर्षांनंतरही त्यांचा उल्लेख करावा लागतो. सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात फातिमाचे नाव येते, तेही कामात सोबत असणाऱ्या बाईचे म्हणून. एकट्या मुलीला बदनाम करणे सोपे असते. तिच्याबरोबर पाच बायका ठाण्यात बसल्या की समोरच्याचा सूर बदलतो. गावात बचत गट आहेत, आशा सेविका आहेत, शाळा व्यवस्थापन समितीत आया आहेत. 2022 च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आहे. बऱ्याच ठिकाणी ती भिंतीवरच्या फलकावर आहे, हे मान्य. पण तिची बैठक मागायला कोणी अडवलेले नाही.

मला हवे आहे ते फार मोठे नाही. स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात खात्याचे नाव, तारीख आणि लिंक दिसली पाहिजे. रागाने काही पुसून टाकायचे नाही. केंद्र सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकायची, तिथे स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत नाव न देताही ती टाकता येते. ठाण्यात मुलीला एकटीने पाठवायचे नाही, आणि त्या आठवड्यात तिची शाळा एक दिवसही बुडू द्यायची नाही, शेजारणीने तिला वर्गापर्यंत सोडायचे. ग्रुपमध्ये तो फोटो आला तर ॲडमिनने टाकणाऱ्याला काढायचे आणि सर्वांसमोर तसे लिहायचे. मशिदीच्या कमिटीने निदान एका जुम्याला हा विषय घ्यायचा, मुलींचे नाव न काढता. तक्रार अर्जाचा मराठी नमुना, समोर उर्दू अर्थ, एका पानावर छापून प्रत्येक उर्दू शाळेच्या कपाटात ठेवायचा. कागद-छपाईचा खर्च एका वलीम्याच्या जर्द्याइतकाही येणार नाही.