दोन वर्षांचा हिशोब



पदवीचे निकाल लागले की आमच्या केंद्रावर दरवर्षी एक प्रश्न येतो. यंदा तो मूर्तिजापूरकडच्या एका मुलीने विचारला. बी.ए. झालेली, दोन वर्षांपासून आमच्या बैठकांना येणारी, बायकांना घेऊन पोलीस ठाण्यात जायला न घाबरणारी. म्हणाली, "ताई, मले हेच काम करायचं हाये. पण एम.एस.डब्ल्यू.चे दोन वर्सं कामाचे हायेत का? का सरळ वकिलीच करू?" घरी दीड एकर कोरडवाहू शेत, पाठीवर एक बहीण. तिच्या प्रश्नाला "शिक्षण कधी वाया जात नाही" असं गुळमुळीत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. मी स्वतः अमरावतीत ही पदवी घेतली आणि आज अकोल्यात तिच्याच बळावर मानधन घेते. म्हणून हा हिशोब मांडते आहे.

आधी सरळ गोष्टी. कोर्टात बाईच्या बाजूने उभं राहून युक्तिवाद करायचा असेल तर एम.एस.डब्ल्यू. उपयोगाची नाही. त्यासाठी एलएल.बी. हवी: पदवीनंतर तीन वर्षं, बारावीनंतर पाच, मग सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. याउलट कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागेसाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. पोलीस यंत्रणेत बसून बायकांना मदत करणारे 'विशेष कक्ष' टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत सुरू केले, तेही प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या भरवशावर. आणि तिसरी वाट पदवीशिवायची आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेत विधी स्वयंसेवक होता येतं. त्यासाठी लिहिता-वाचता येणं आणि शक्यतो दहावी एवढंच पाहतात.

हे झालं नोकरीचं. कामाचं काय?

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगते. कौटुंबिक हिंसाचाराची एक केस होती. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे मी बाईशी चार वेळा बोलले, पानंच्या पानं नोंदी केल्या. ती कशी बसली, कुठे गप्प झाली, तिला काय वाटलं, सगळं लिहिलं. वकीलबाईंनी त्यावरून अर्ज तयार केला. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने एकच प्रश्न तीनदा विचारला, "मारलं ती तारीख सांगा." बाईला सांगता येईना. माझ्या नोंदीतही एक तारीख नव्हती. बाहेर व्हरांड्यात आमच्या सातवी शिकलेल्या ताई मला म्हणाल्या, "तू तिचं रडू लिवलं बाई, दिवस नाही लिवला."

या ताई वीस वर्षांपासून हे काम करतात. त्या बाईला तारीख विचारतच नाहीत. पोळ्याच्या आधी का मागून? महालक्ष्म्या बसल्या होत्या का? कापूस वेचायला मजूर लागले होते का? मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या दिवसाची तारीख शोधतात आणि वहीत मांडतात. कोणत्याही विद्यापीठात हे शिकवलेलं मी पाहिलं नाही.

पोटगीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मिळकतीचं आणि देण्याचं शपथपत्र द्यायचं. वऱ्हाडात नवरा बिनधास्त लिहून देतो, मला उत्पन्न नाही, सातबारा वडिलांच्या नावावर आहे. तेव्हा आठ-अ काढायचा, बाजार समितीत सोयाबीन कोणाच्या नावाने विकलं त्याची पट्टी शोधायची, ट्रॅक्टरचा हप्ता कोण भरतो ते पाहायचं. कौटुंबिक न्यायालयात तर वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने वकील येतो. बाईला पुष्कळदा स्वतःच बोलावं लागतं. म्हणून ही आधीची तयारी निम्मा खटला असते.

आणि कलमांचे आकडे? आम्ही '१२५' आणि '४९८-अ' घोकून पास झालो. १ जुलै २०२४ पासून पोटगीचं १२५ हे नव्या संहितेत १४४ झालं, ४९८-अ चं ८५ आणि ८६ झालं. पाठांतर एका दिवसात जुनं झालं.

मग दोन वर्षं फुकट गेली का? नाही. बाईच्या वतीने निर्णय घ्यायचा नाही, हे मी तिथे शिकले. ती परत सासरी जाते म्हणाली तरी दार उघडं ठेवायचं, तिची गोष्ट तिच्या मावशीलाही सांगायची नाही, आपला थकवा आणि राग तिच्यावर काढायचा नाही, हेही तिथलंच. ताईंचं सगळं मला मान्य आहे, पण "परत गेलीस तर माझ्याकडे येऊ नको" असं बाईला दटावताना मी त्यांना ऐकलं आहे. त्यावर आमचं भांडणही झालं आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते. ठाण्यात पहिला प्रश्न असतो, "तुमचं शिक्षण?" एम.एस.डब्ल्यू. म्हटलं की मला खुर्ची मिळते. ताई उभ्या राहतात. आमच्या संस्थेतही मानधनाचा तक्ता त्याच खुर्चीसारखा आहे. मला ताईंपेक्षा जास्त मिळतं. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांच्यापेक्षा जास्त. ठाणेदाराला नावं ठेवणाऱ्या आपण हे किती वर्षं चालवणार? दहा वर्षांचा अनुभव पदवीच्या बरोबरीचा धरावा, आणि तोवर माझी वाढ थांबवावी, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. निधी देणारे पदव्या मागतात, हे त्यावरचं उत्तर आहे. ते खरं आहे. पण निधी देणाऱ्यांशी यावर भांडणं हेही चळवळीचंच काम आहे.

त्या मुलीला मी असं सांगितलं. बाईसाठी कोर्टात बोलायचं असेल तर वकिली कर, मधे दोन वर्षं घालवू नकोस. कोर्टाच्या आधी आणि नंतर बाईसोबत राहायचं असेल तर ही पदवी घे, पण कॉलेजच्या इमारतीकडे पाहून नाही. क्षेत्रकार्याला कुठे पाठवतात ते विचार. पोलीस ठाणं, विधी सेवा प्राधिकरण, संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय यांपैकी काही असेल आणि नोंदी तपासायला खरंच कोणी बसत असेल, तरच फॉर्म भर. शेत गहाण टाकून शिकू नकोस. शिष्यवृत्ती उशिरा येते, सावकार वेळेवर येतो. पैशाची सोय नसेल तर यंदा विधी स्वयंसेवक हो, पदवी दोन वर्षांनीही घेता येईल. आणि काहीही केलंस तरी रविवारी ताईंच्या वहीजवळ बसायला ये.

तिने अकोल्याचा फॉर्म आणला आहे, अजून भरलेला नाही. घरून रेल्वेने जाणं-येणं जमेल का, याचा हिशोब बहिणीबरोबर करते आहे. निर्णय तिचा आहे.

तुमच्या गटात काय चालतं? पदवी असलेल्या आणि नसलेल्या मैत्रिणींचं मानधन किती, ठाण्यात खुर्ची कोणाला मिळते, काम कोणी कोणाला शिकवलं, हे आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू. आमच्या ठरावाचं काय झालं तेही, होवो न होवो, सांगू.