‘तुमची कातडीच नाजूक!’

बाईच्या शरीराला काही लावलं, टोचलं, पाजलं आणि त्याचा त्रास झाला, की दोष तिच्या शरीराचाच, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. तांबी बसवल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं, तर ‘तुमची पिशवीच कमजोर’. गर्भनिरोधक गोळ्यांनी मळमळलं, तर ‘तुम्ही मनाला फार लावून घेता’. गेली दोन-तीन वर्षं यात आणखी एका वाक्याची भर पडली आहे आणि ते मी स्वतःबद्दल आणि इतर बायकांबद्दलही ऐकते आहे : ‘तुमची कातडीच नाजूक, त्याला सेन्सर काय करणार?’ डोक्यावर मोळी घेऊन सातपुड्याचा घाट उतरणाऱ्या, चुलीच्या धगीने हात भाजून घेणाऱ्या बाईची कातडी एरवी कुणाला नाजूक वाटत नाही. ती नाजूक होते ती फक्त तक्रार केल्यावर.

सेन्सर म्हणजे काय ते आधी सांगते. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची रुपयाच्या नाण्याहून जरा मोठी चकती. तिच्यातली केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि तिथल्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते. मोबाईल जवळ नेला की आकडा दिसतो. एक चकती साधारण चौदा दिवस चालते आणि तिला चार-पाच हजार रुपये पडतात. मला पंचविसाव्या वर्षापासून टाइप-१ मधुमेह आहे, इन्सुलिनवर जगते. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर काम करते, काळी-पिवळीतून फिरते, जेवणाची वेळ ठरलेली नसते. रात्री झोपेत साखर खाली गेली तर उठवायला शेजारी कुणी असेलच असं नाही. म्हणून मानधनातून पैसे बाजूला काढून मी सेन्सर घ्यायला लागले.

पहिले पाच महिने काही झालं नाही. मग चकतीखाली खाज सुटली. पुढच्या चकतीला लाल चट्टा, त्याच्या पुढच्या वेळी पाण्याचे फोड, आणि तो चट्टा चकतीच्या कडेबाहेर पसरलेला. चौथ्या दिवशी सेन्सर ओढून काढावा लागला. उरलेल्या दहा दिवसांचे पैसे गेले. कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. गोंदात काय आहे असं विचारल्यावर उत्तर मिळालं, की ती माहिती देता येत नाही, आणि असा त्रास फारच थोड्या लोकांना होतो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

मुद्दा हा, की मला काय झालं ते वैद्यकशास्त्राला ठाऊक होतं. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ‘फ्रीस्टाईल लिब्रे’ या सेन्सरमुळे अंगावर उठलेले रुग्ण तपासले आणि कारण शोधून काढलं : आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट. हे रसायन कातडीला लागणाऱ्या पट्टीत मुद्दाम घातलेलं नव्हतं. चकतीच्या प्लॅस्टिकचे भाग जोडणाऱ्या गोंदात ते होतं आणि तिथून झिरपत खाली येत होतं. उत्पादकाकडून माहिती सहजी मिळत नव्हती, म्हणून डॉक्टरांना प्रयोगशाळेत सेन्सर फोडून ते शोधावं लागलं. २०२० साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याच रसायनाला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ म्हणून जाहीर केलं. पुढे त्या कंपनीने नव्या सेन्सरमधून ते काढून टाकलं. म्हणजे ते काढता येत होतं! रुग्णांची कातडी बदलावी लागली नाही, गोंद बदलावा लागला.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. टिकलीचा गोंद आठवून पाहा. कपाळाच्या मधोमध पांढरा डाग पडलेल्या बायका आपण प्रत्येक गावात पाहिल्या आहेत. १९९०च्या सुमारास अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल हे रसायन शोधून दाखवलं, जे कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. पण डाग पडला तो ‘कोड’ म्हणून. सासरची माणसं पोरीला माहेरी धाडायला निघाली, माहेरची लपवायला लागली, कुणी देवऋषी गाठला. टिकलीच्या पाकिटावर कुणी बोट ठेवलं नाही. एवढ्या वर्षांनंतरही गोंदात काय आहे ते छापलेलं पाकीट माझ्या पाहण्यात आलेलं नाही. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल सगळं लिहिलेलं असतं. जे कातडीला चौदा-चौदा दिवस, चोवीस तास चिकटून राहणार, त्याची मात्र यादी नाही. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम वेष्टणावर उत्पादकाचं नाव-पत्ता मागतात, बॅच नंबर, मुदत, निर्जंतुक असल्याची नोंद मागतात. गोंदातली रसायनं मागत नाहीत. युरोपातले डॉक्टरही आपल्या सरकारांकडे हीच यादी मागत आले आहेत, तेव्हा ‘परदेशात सगळं उघड असतं’ या भ्रमात राहू नये.

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, ‘पाच हजारांची चकती ही शहरी, पगारदार बाईची चैन. नंदुरबारमध्ये बाळंतिणीला रक्त मिळत नाही आणि तू गोंदाचं काय घेऊन बसलीस?’ या प्रश्नाला मी टाळणार नाही. सेन्सर आज थोड्यांनाच परवडतो हे खरं. शहाद्याची एक शिक्षिका, नवापूरच्या एका दुकानदाराची सून, सुरतेच्या डॉक्टरांनी लिहून दिला म्हणून शेळ्या विकून दोन चकत्या घेतलेली एक आई, अशा मोजक्याच मला भेटल्या. पण आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. मधुमेहाची ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी करतात, ती तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवर चालते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. बाई आतून पोखरली जात असते आणि कागद सांगतो, सगळं ठीक. अशा बाईला रोजची साखर मोजण्यावाचून इलाज नाही, पट्टीने म्हणा की सेन्सरने. सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेल आणि मधुमेह दोन्ही असलेल्या बाईची साखर कशी मोजायची, हा प्रश्न त्या मोहिमेत आपण विचारला पाहिजे. उद्या सेन्सर स्वस्त होतील, सरकारी योजनेतून येतील. तेव्हा आश्रमशाळेतल्या मुलीच्या दंडावर फोड आले, तर तिला काय सांगणार? कातडी नाजूक?

आणि ही चकती बाईच्या अंगावर कशी बसते याचा विचार बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. जाहिरातीतला दंड उघडा, घाम नसलेला असतो. आपल्याकडे पोलक्याची घट्ट बाही नेमकी चकतीच्या कडेवर येते, उन्हाळ्यात खाली घाम साचतो. कमरेवर हंडा घेतला की दंड घासतो. घरात लपवावी लागते ती वेगळीच. त्या दुकानदाराच्या सुनेने दोन महिने लांब बाहीचं पोलकं घातलं, कारण सासूला शुगर कळली तर मूल होण्यावरून बोलणी सुरू झाली असती. फोड चिघळले ते त्या बाहीखाली, कुणाला न दाखवता.

त्रास कमी करायचे उपाय आहेत आणि ते सांगायलाच हवेत. साधी जळजळ आणि खरी अ‍ॅलर्जी यांत फरक करा. जळजळ चकतीखालीच राहते आणि काढल्यावर दोन-तीन दिवसांत ओसरते. अ‍ॅलर्जी बरेचदा काही आठवड्यांनी, महिन्यांनी सुरू होते, फार खाजते, फोड येतात, कडेबाहेर पसरते आणि दर खेपेला वाढते. जळजळ असेल तर दंड बदला, तीच जागा पुन्हा घेऊ नका. साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा, लावण्याआधी तेल-क्रीम नको. काढताना ओरबाडू नका. कडेला खोबरेल तेल लावून थांबा, मग कातडी एका बोटाने दाबून हळूहळू मागे दुमडत सोडवा. कातडीवर मारायचा संरक्षक फवारा किंवा खाली लावायची पातळ पट्टी मिळते. जळजळीला त्याने बरं वाटतं, पण खरी अ‍ॅलर्जी असेल तर ते संकट बहुतेकदा नुसतं पुढे ढकलतं. तेव्हा सेन्सर काढा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर बोटाला टोचून पट्टीवर साखर मोजत राहा. अंदाजाने इन्सुलिन घेऊ नका. अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची असते. नखांच्या जेलमध्ये, दात भरण्याच्या मसाल्यात याच कुळातली रसायनं असतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

पण हे सगळे उपाय बाईच्याच पदरात टाकलेले आहेत. तिने धुवायचं, तिने फवारा विकत घ्यायचा, तिने पुढची चकती वाया घालवून पाहायची. नाव न सांगितलेल्या रसायनापासून बाई स्वतःला वाचवणार तरी कशी? १९८५ मध्ये पटनचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन हे गर्भनिरोधक इंजेक्शन बायकांना पुरती माहिती न देता टोचलं जात होतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतर गटांसह १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. माझ्या अंगात काय घालता आहात ते मला आधी सांगा, ही त्या लढ्यातली साधी मागणी होती. अंगावर चिकटवलेल्या वस्तूला ती लागू नाही असं कुणी ठरवलं?

तेव्हा मागणी नेमकी करू या. सेन्सर, पंप, मलमपट्टी, टिकली, जे काही कातडीला चिकटतं, त्याच्या गोंदातली आणि जोडकामातली रसायनं वेष्टणावर छापली पाहिजेत, मराठीतही. नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अ‍ॅक्रिलेटसकट सगळी पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून करायची अ‍ॅलर्जीची तपासणी, तिथे मोफत झाली पाहिजे. अंगावर उठल्यामुळे काढावा लागलेला सेन्सर कंपनीने बदलून दिला पाहिजे.

आणि ‘फारच थोड्या लोकांना होतं’ हे वाक्य खोडायचं तर नोंद लागते. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१५ पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे तो आहे आणि रुग्णालाही तक्रार करता येते. १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. आम्ही मासिक बैठकीत हे फॉर्म भरायला सुरुवात केली आहे. इंग्रजीची अडचण असेल त्यांनी फॉर्म घेऊन यावं, शेजारी बसून भरू. सेन्सरचं खोकं फेकू नका, बॅच नंबर त्यावर असतो. चट्ट्याचा फोटो काढताना बाजूला तारीख लिहिलेला कागद ठेवा. चेहरा येऊ द्यायची गरज नाही.