घड्याळ बदला, पण कोणतं?

आमचा पुतण्या घड्याळांचा शौकीन. परवा बुऱ्हाणपूरहून असीरगढला गेलो, तर गड चढताना म्हणाला, "काका, ओमेगा देऊन, वर फरक भरून नवीन मॉडेल घेतोय. दादांचं जुनं एचएमटीही काढून टाकतो."

ओमेगाबद्दल माझी हरकत नाही. हौसेला मोल नसतं. पण आयुष्य बँकेत गेलं, हिशेब मांडणारच. दुकानदार जुनं पाडून घेतो, नव्याचे पुरे पैसे लावतो. डबा, बिल, वॉरंटी कार्ड नसेल तर भाव आणखी खाली. दरवेळी फरक आपल्याच खिशातून जातो. सारखं बदलत राहणारा संग्राहक कसला, तो तर कायमचं गिऱ्हाईक!

एचएमटीचं मात्र वेगळं. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात कारखाना निघाला. चावीचं 'जनता' घरोघरी आलं. मग क्वार्ट्झ आलं, टायटन आलं आणि लोकांनी ती घड्याळं मोडीत काढली. २०१६ मध्ये केंद्राने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. आता तीच घड्याळं शौकीन शोधत फिरतात.

माझं मत सरळ आहे. स्वतः घेतलेलं खुशाल बदला. वडिलांच्या मनगटावरचं ठेवा, रोज चावी द्या. तुम्हाला काय वाटतं?