‘इतक्यात नको’ याचा अर्थ

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुके. वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. परंतु नाव बदलल्याने तेथील वाड्यावस्त्यांपासून दवाखान्यापर्यंतचे पावसाळ्यातील अंतर कमी होत नाही. तेथील एखादी विवाहिता घरी आलेल्या आशाताईंना ‘मूल इतक्यात नको’ असे सांगते, तेव्हा तिच्या शब्दांचे पुढे काय होते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका खाली आला आहे. आकड्यांची लढाई महाराष्ट्राने जिंकली, यात शंका नाही. परंतु मूल हवे तेव्हा झाले की नको असता झाले, हे सरासरी सांगत नाही.

त्यासाठी त्याच स्त्रीला काही वर्षांनी पुन्हा भेटावे लागते. १९९८-९९ च्या पाहणीतील ग्रामीण स्त्रियांना २००२-०३ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांत असे पुन्हा भेटण्यात आले. पतीकडून मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भनिरोधनाचा वापर कमी आणि नकोशी गर्भधारणा अधिक, असे त्यावरील अभ्यासात दिसून आले. इच्छा आणि घटना यांच्यामध्ये घर उभे असते, ते असे.

दुसरी अडचण आमच्या कार्यक्रमातच आहे. स्त्रीशस्त्रक्रियेवर त्याचा सारा भर. ‘आता पुरे’ म्हणणारीची त्याने सोय केली. ‘इतक्यात नको’ म्हणणारीची मात्र पुरेशी केली नाही. तांबी आहे, ‘छाया’ गोळी आहे, ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. पण ते दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. भातलावणीच्या दिवसांत ही एक खेप चुकली, तर तिच्या इच्छेला कोणता आधार उरतो?

स्त्रियांची इच्छा बदलते, मग तिच्यावर योजना कशी आखावी, असा आक्षेप घेतला जातो. इच्छा बदलते हे खरे. पहिली मुलगी झाली की ‘नको’चे ‘हवे’ करविले जाते, हेही तितकेच खरे. म्हणूनच एकदा विचारून भागत नाही. तिला एकांतात विचारावे, वर्षाने पुन्हा विचारावे, आणि पतीशीही त्याच्या जबाबदारीविषयी बोलावे.

किती शस्त्रक्रिया झाल्या, हा हिशेब आता पुरे झाला. किती स्त्रियांचे म्हणणे खरे ठरले, हा हिशेब आरोग्य खात्याने भोर-वेल्ह्यापासून मांडावयास प्रारंभ करावा. जिचा देह, तिचा शब्द प्रमाण मानणे हेच खरे नियोजन होय.