ॲप मोफत, पण कुणासाठी?

रमजानच्या आधी आम्ही घरात ठरवलं, महिनाभर मालिका बंद. डिशचा रिचार्ज संपला, तो केलाच नाही. प्रश्न अब्बांचा होता. त्यांना मगरिबनंतर मराठी बातम्या लागतात. म्हणून त्यांच्या मोबाइलवर त्याच कंपनीचं ‘मोफत’ ॲप घेतलं. त्यानं ग्राहक क्रमांक मागितला, आम्ही दिला. उत्तर आलं, खातं बंद आहे, आधी रिचार्ज करा. म्हणजे छपरावरच्या डिशचे पैसे भरले तरच हातातला मोबाइल चालणार! अब्बा म्हणाले, “बेटा, हा तर त्याच टीव्हीचा दुसरा रिमोट झाला.” मग रमजानभर त्यांनी रेडिओवर भागवलं.

आम्ही हिशेब काढला. २०१९ साली ट्रायचे नवे दर लागू झाले तेव्हा पहिल्या १०० चॅनेलचं नुसतं नेटवर्क शुल्कच १३० रुपयांपर्यंत होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे. पैशाचे चॅनेल वेगळे. पुढे नियम बदलले, पण महिन्याचा रिचार्ज काही सुटला नाही. ॲपवर पाहायचं तर वर मोबाइलचा डेटाही आपलाच.

ईदनंतर दूरदर्शनची फ्री डिश बसवली. डिश आणि डब्याचे पैसे एकदाच, महिन्याचं काही नाही. सह्याद्रीच्या बातम्या लागतात, अब्बा खूश आहेत. अम्मीची मालिका मात्र त्यावर येत नाही. ती रोज संध्याकाळी शेजारी जाते आणि जाताना आमच्याकडे बघतही नाही.