पीटीचा तास कोणी खाल्ला?

परीक्षा जवळ आली की शाळेत पहिला बळी जातो तो पीटीच्या तासाचा. गणिताचे सर तो तास मागून घेतात आणि कोणी ब्रही काढत नाही. उलट आपल्याच वस्तीतले पालक म्हणतात, "आमची पोरं दिवसभर हुंदडतातच की! आणि आपण कष्टकरी माणसं, आपल्याला व्यायाम कशाला?"

मित्रांनो, ही समजूत आम्हाला मान्य नाही.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. ओझी वाहून पाठ मोडते, झाडू मारून खांदे भरतात, कारण त्या श्रमाला विश्रांती नाही आणि पोटात पुरेसे अन्नही नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे गुडघे याची साक्ष देतील. आणि हुंदडायला जागा उरली आहे कुठे? बोळात दुचाक्या, मैदानावर लग्नाचे मंडप. मुलगी वयात आली की तिचा खेळ घरातच संपतो. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले संध्याकाळी पोहायला, टेनिसला जातात. आपल्या मुलांच्या वाट्याला येतो तो शाळेतला एकच तास. तोही खाल्ला जातो.

याची किंमत चाळिशीत मोजावी लागते. हाडांची मजबुती मुख्यतः बालपणात आणि तरुणपणी घडते. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले की आपल्याकडची बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. म्हणजे पोर दिसायला किडकिडीत असले तरी मधुमेहाचा धोका टळत नाही. तो धोका कमी करण्याचा स्वस्त उपाय म्हणजे लहानपणापासून लागलेली खेळाची सवय. मधुमेहाने खुद्द बाबासाहेबांचे शरीर कसे पोखरले, हे आपण विसरायचे का?

पाळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्याच माणसाला पुण्यात सहकाऱ्यांसोबत चहा मिळत नसे. त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हा इतिहास आम्ही लपवत नाही. पण मैदान मिळाले तर आपला माणूस काय करू शकतो, हे त्यांनी दाखवले. मैदान ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

आणि हा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ म्हणतो, शाळेला मैदान हवे, प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य हवे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले.

मग आपण त्या खुर्च्यांवर गप्प का बसतो? जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते, तर शाळेला चार फुटबॉल आणि दहा दोऱ्या का मिळू नयेत? पुढच्या बैठकीला वेळापत्रक हातात घेऊन जा आणि एवढेच विचारा : या आठवड्यात पीटीचे तास किती लिहिले होते, आणि मैदानावर किती झाले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मुलींचेही वेगळे विचारा.

शिकलेले डोके वाहायला धडधाकट शरीर लागते.

जय भीम!